फुकट्या कोण, सांगा पाहू!

दुसऱ्याच्या जिवावर खाणारा आणि दिवसभर उंडारणारा एक नमुना प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच. त्याच्यासाठी इंग्रजीत ढीगभर शब्द आहेत आणि मराठीही काही कमी नाही. पण कुणाच्या कपाळावर हा शिक्का मारण्याआधी जरा थांबा. मी थांबलो नव्हतो...

तुम्ही त्याला ओळखता. हॉटेलात बिल आलं की नेमका त्यालाच फोन येतो. ट्रिपला गाडीतली पुढची सीट त्याची आणि टोलनाका आला की गाढ झोपही त्याचीच. 'अरे, माझं यूपीआय चालत नाहीये यार, तू दे ना, नंतर करतो,' हे त्याचं राष्ट्रगीत. हा 'नंतर' कधीच उगवत नाही. तो तुमचा शाम्पू वापरतो, तुमच्या पासवर्डवर सिनेमे बघतो आणि वर तुम्हालाच सांगतो, 'बॉस, तुझं वायफाय जाम स्लो आहे.'

माझ्याकडेही असा एक होता. म्हणजे तेव्हा मला तसं वाटत होतं. माझा सख्खा मामेभाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात आला आणि 'रूम मिळेपर्यंत' म्हणून माझ्याकडे गादी टाकली. जून २०२२ ते जानेवारी २०२३ असे तब्बल आठ महिने! मी तेव्हा नवानवा नोकरीला लागलेला. सकाळी नऊला घामाघूम होत बाहेर पडायचो, तेव्हा दादा चहा पीत पेपर वाचत असायचा. रात्री परत यायचो, तेव्हाही दादा चहा पीत पेपर वाचत असायचा. डोक्याला शॉट!

शेवटी मी ते केलं, जे कुठलाही सुशिक्षित प्रोफेशनल माणूस करतो. भांडलो नाही. एक्सेल शीट बनवली. त्याच्या वाट्याचं भाडं महिना ३,५०० रुपये, गुणिले आठ, एकूण २८,०००. खाली गॅस, दूध, वायफाय अशा बारीकसारीक नोंदी. शीट त्याला व्हॉट्सअॅपवर पाठवली, सोबत एक स्मायलीही टाकली. उत्तर आलं, 'ओके.' चार दिवसांत दादा कॉट बेसिसवर दुसरीकडे राहायला गेला.

हा लेख लिहायला घेतला तो शब्दांची गंमत म्हणून. पण लिहिता लिहिता ती शीट सारखी आडवी यायला लागली.

मूच म्हणजे काय रे भाऊ?

इंग्रजीत 'मूच' असा एक भन्नाट शब्द आहे. अमेरिकेत 'मूच ऑफ' म्हणजे दुसऱ्याच्या खिशावर मजा मारणं. तिकडे १९३१ साली कॅब कॅलोवेचं 'मिनी द मूचर' हे गाणं तुफान गाजलं आणि हा शब्द घरोघरी पोचला. ब्रिटनमध्ये मात्र 'मूच अबाउट' म्हणजे काही काम नसताना उगाच इकडेतिकडे रेंगाळणं. बाजारात चक्कर मार, कट्ट्यावर बस, घरी ये. त्यात कुणाचं काही खाल्लेलं नसतं. म्हणजे शब्द एक, पण समुद्राच्या एका काठाला तो फुकटखाऊ आणि दुसऱ्या काठाला नुसता रिकामटेकडा!

बाकी यादीही रंगतदार आहे. 'स्पंज' म्हणजे दुसऱ्याचं शोषून घेणारा. शेक्सपियरचा हॅम्लेट राजाच्या मर्जीतल्या एका होयबाला हेच म्हणतो. 'स्क्राउंज' म्हणजे मागून किंवा ढापून मिळवणं. हा शब्द पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांनी सगळीकडे पसरवला. 'स्काइव्ह' म्हणजे कामाला दांडी. 'फ्रीलोडर' आणि 'कॅजर' हे आणखी दोन भाऊबंद.

ऑस्ट्रेलियाने तर कहर केला. तिथे 'ब्लजर' ही आधी वेश्येच्या कमाईवर जगणाऱ्याला दिलेली शिवी होती. पुढे ती कुठल्याही आयतोबाला लागू झाली. १९७०च्या दशकात तिथे बेकारी वाढली आणि बेकारभत्ता घेणाऱ्या प्रत्येकाला 'डोल ब्लजर' म्हणायची फॅशन आली. म्हणजे नोकऱ्या नव्हत्या आणि शिवी मात्र नोकरी न मिळालेल्याला! इथे मी पहिल्यांदा जरा अडखळलो.

लोफर इंडिया कंपनी

आपल्याकडे सगळ्यात जास्त रुळला तो 'लोफर'. हा शब्द अमेरिकेतला, १८३०च्या सुमाराचा. अर्थ साधा, वेळ घालवत हिंडणारा. गंमत म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानात 'लोफर' म्हणत ते कुणाला? गोऱ्यांना! जहाजावरून पळालेले खलाशी, नोकरी गेलेले रेल्वेवाले, फौजेतून सुटलेले सोल्जर असे कफल्लक युरोपियन गावोगाव भटकायचे, मागून खायचे, दारू ढोसायचे. साहेबाच्या राज्याची लाज निघत होती. म्हणून सरकारने १८६९ मध्ये 'युरोपियन व्हेग्रन्सी अॅक्ट' आणला आणि १८७४ मध्ये तो नव्याने केला. अशा लोफरांना धरून वर्कहाउसात ठेवायचं आणि जमलं तर बोटीत बसवून मायदेशी पाठवायचं, असा तो कायदा.

पुढे साहेब गेला, शब्द राहिला. १९७३ मध्ये धर्मेंद्रचा 'लोफर' आला, तोवर लोफर म्हणजे पक्का देशी टपोरी झाला होता. आणि आता आपण शुक्रवारी ऑफिसला लोफर घालून जातो, तेही तीन हजारांचे!

फुकट: एकात दोन

पण माझं ऐकाल तर या सगळ्यांवर मात करतो आपला 'फुकट'. 'पिक्चर फुकट बघितला' म्हणजे पैसे न देता. 'रविवार फुकट गेला' म्हणजे वाया. जे पैसे न देता मिळालं ते आणि ज्याचा काही उपयोग झाला नाही ते, दोन्ही फुकटच! इंग्रजीला एका शब्दात दोन अर्थ बसवायला अटलांटिक ओलांडावा लागला, आपण एका वाक्यात बसवले. आणि नेमका तिथेच घोटाळा आहे. ज्याचा दिवस फुकट जातोय तो फुकट खातोय, असं आपल्याला आपोआप वाटायला लागतं.

म्हणी काढून बघा. 'खायला काळ आणि भुईला भार.' 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी.' 'काम नाही कवडीचं आणि फुरसत नाही घडीची.' 'रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी.' यातल्या न्हाव्याने कुणाचं काय खाल्लंय हो? गिऱ्हाईक नाही म्हणून बिचारा भिंतीवर प्रॅक्टिस करतोय. पण बसला ना आयतखाऊंच्या लायनीत!

ओळखा पाहू, तुमच्या ग्रुपमधला कोण?

• फुकटचंबू: बिल येताना हात धुवायला जातो. मनापासून करतो, पकडला गेला तरी हसतो.
• आयतोबा: प्लॅन तुमचा, गाडी तुमची, बुकिंग तुमचं. तो फक्त 'व्ह्यू ठीक आहे' म्हणायला येतो.
• पडीक: कट्टा, कॅन्टीन किंवा तुमचा सोफा. कुठेही सापडतो, खर्च शून्य, उपद्रवही शून्य.
• उडाणटप्पू: सकाळी निघतो, रात्री उगवतो. मधे कुठे होता हे त्यालाही माहीत नसतं.
• बिनपगारी फुल अधिकारी: सगळ्यांची कामं करतो, स्वतःचं सोडून. याच्याबद्दल पुढे वाचा.

पहिले दोघं खरे फुकटे. तिसरा आणि चौथा नुसते रिकामे. पाचव्याला या यादीत आपण का घालतो, हा खरा प्रश्न.

चलो पुसेगाव

पुसेगाव म्हटलं की लोक सातारचं समजतात. सेवागिरी महाराजांची यात्रा, बैलबाजार वगैरे. ते वेगळं. माझं आजोळ हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं पुसेगाव. परभणीतून तोडून १ मे १९९९ रोजी हिंगोली हा वेगळा जिल्हा झाला, तेव्हा मी दुपट्यात होतो. पुण्याहून रात्रभर ट्रॅव्हल्सने हिंगोली आणि तिथून काळी-पिवळीत नऊ जणांत दहावा होऊन गाव.

गेल्या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाला गेलो होतो. पुणे-मुंबईकडच्या गौरी, त्या आमच्याकडे महालक्ष्म्या. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी, सगळा साग्रसंगीत बेत. मामी पहाटेपासून चुलीपाशी आणि मी ओसरीवर लोळत.

मामीने विचारलं, "आता काय करतूस बाबा तू?"

"नोकरी सोडली मामी. फ्रीलान्सिंग करतो."

"फ्री म्हंजे फुकट का?"

मी हसलो, पण लागलं. आज माझी अवस्था अशी आहे, की सकाळी अकराला पायजम्यात गॅलरीत दिसलो की सोसायटीचा वॉचमन माझ्याकडे अशा नजरेने बघतो, जशी नजर मी दादावर टाकायचो. चेक तीन महिन्यांनी येतो, पण चहा रोज लागतो!

दादा परत गावी आला होता. दोनदा थोडक्यात हुकलं, आता वय निघून चाललंय. मामा जेवताना त्याच्याकडे न बघता बोलत होते, "सकाळी शेतात चार तास दिसतंय, मग जे गायब होतंय ते अंधार पडल्यावर. गावभर उंडारतंय. हॉटेलात लोकायचा चहा पेतंय फुकट." दादा मान खाली घालून पोळी मोडत होता.

तसं बघितलं तर ही तक्रार आमच्या जिल्ह्यात फार जुनी आहे. इथलंच नरसी हे संत नामदेवांचं गाव मानतात. शिंप्याचं घर. पोरगं धंद्याकडे बघत नाही, देवापाशी जाऊन बसतं, म्हणून आई गोणाई आणि बायको राजाई वैतागलेल्या. त्यांच्या गाऱ्हाण्यांचे अभंगच नामदेवांच्या गाथेत आहेत. आणि इकडे शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबमध्ये कबीरांच्या नावाने जे श्लोक आहेत, त्यांत याच नामदेवांची दुसरी बाजू दिसते. त्रिलोचन त्यांना टोकतो, की कपड्याच्या कामात काय गुंतून पडलास? तर नामदेव सांगतात, हात-पाय कामात आणि चित्त देवात. घरच्यांना वाटतं हा काहीच करत नाही, मित्राला वाटतं हा फारच करतो. माणूस एकच!

दादाचा राउंड

दुसऱ्या दिवशी म्हटलं, चल दादा, तुझ्याबरोबर उंडारायला येतो. तो म्हणाला, "चल की पत्रकार, पण बूट काढून ठेव, चिखल हाय."

आधी हॉटेल. मग सोयाबीनमधून वाट काढत एक शेत. तिथे एक आजोबा बांधावर वाट बघत बसलेले. दादाने मोबाइल काढला, आजोबांचा गट नंबर टाकला, पीक निवडलं, वावरात मधोमध उभं राहून फोटो काढला. रेंज गेली. परत काढला. हीच ती ई-पीक पाहणी. आपल्या पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करायची, अशी ही योजना १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झाली. कल्पना झकास. पण अॅपला फोटो पाहिजे, लोकेशन पाहिजे, म्हणजे प्रत्यक्ष त्या वावरात जावं लागतं. आणि साधा फोन वापरणाऱ्या सत्तरीच्या माणसाने काय करायचं? एका मोबाइलवरून अनेकांची नोंद करता येते, म्हणून ते दादाला बोलावतात.

त्या दिवशी आम्ही सहा शेतं फिरलो. मधल्या वेळात पारावर बसून एका बाईंचं बँकेचं केवायसी, एका पोराचा स्कॉलरशिपचा फॉर्म. स्पर्धा परीक्षेने दादाला साहेब केलं नाही, पण सरकारी कागद कुठे अडतो हे मात्र पक्कं शिकवलं.

"किती घेतोस एका फॉर्मचे?" मी विचारलं.

"काय घ्यावं? म्हातारी माणसं हायेत."

"म्हणजे फुकट?"

"चहा पाजतात की," तो म्हणाला.

परत हॉटेलात आलो तर आमच्या चहाचे पैसे आधीच कुणीतरी दिले होते. हाच तो मामांचा 'लोकायचा चहा'. लांबून बघणाऱ्याला दिसणार काय? दिवसभर हिंडणारा आणि दुसऱ्याच्या पैशाने चहा पिणारा माणूस. मूचिंगच्या दोन्ही अर्थांत फिट!

हिशेब असतो, वही नसते

आपल्या गावांना हा हिशेब पूर्वी बरोबर कळायचा. 'सावड' म्हणजे आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. 'इर्जिक' म्हणजे अडलेल्या माणसाच्या रानात सगळ्यांनी आपापली औतं घेऊन जायची आणि त्याने सगळ्यांना जेवू घालायचं. तिथे पोटभर जेवणाऱ्याला कुणी फुकट्या म्हणत नसे. शहरातही गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे. सोमवारी एक घर, मंगळवारी दुसरं. माधुकरीही होती. अर्थात हे ताट प्रामुख्याने ब्राह्मण मुलांपुरतं होतं, हेही सांगायला हवं. बाकीच्यांना कोण वाढणार? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली आणि 'कमवा आणि शिका'चा मंत्र दिला. उपकार नको, कामाच्या बदल्यात शिक्षण.

ग्रीकांचंही असंच. 'पॅरासाइट' हा शब्द त्यांचा. मूळ अर्थ 'शेजारी बसून जेवणारा'. एके काळी देवळातल्या प्रसादाच्या जेवणाला बसणाऱ्या मानकऱ्याला असं म्हणत. पुढे नाटकवाल्यांनी त्याचा भोजनभाऊ केला आणि शेवटी तो पोटातला जंत झाला. मानाचं पान ते जंत, काय घसरगुंडी आहे बघा!

आपल्या पिढीने यावर तोडगा काढला टीटीएमएम. तुझं तू, माझं मी. पुणेरी डोक्यातून आलेला हा फंडा इतका पॉप्युलर झाला, की २०१७ मध्ये त्या नावाचा सिनेमाही आला. मला टीटीएमएम आवडतं. हॉटेलात ते बेस्ट आहे, कुणाचीच कटकट नाही. प्रॉब्लेम एवढाच, की हॉटेलच्या बिलात जे छापलेलं असतं तेवढंच त्यात वाटता येतं.

कारण घरातलं बिल कुणी छापतच नाही. केंद्र सरकारच्या २०१९ मधल्या वेळ-वापर पाहणीत असं दिसलं, की घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि जे पुरुष घरकाम करतात, ते ९७ मिनिटं. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ होते. जवळपास पाच तास, बिनपगारी. आणि फॉर्मवर त्या बाईच्या नावापुढे आपण लिहितो, 'काही करत नाही, घरीच असते'. महालक्ष्म्यांच्या त्या दिवशी ओसरीवर आम्ही तीन पुरुष 'गावात फुकट्या कोण' यावर चर्चा करत होतो आणि मामी आम्हाला चौथी पोळी वाढत होती!

राहिलेला कॉलम

त्या रात्री मोबाइलवर ती जुनी शीट उघडली. भाडं, गॅस, दूध, वायफाय. सगळं बरोबर होतं, एकही आकडा खोटा नव्हता. फक्त एकाच बाजूचं होतं. ऑक्टोबरमध्ये मला डेंगी झाला, तेव्हा दादा चार रात्री हॉस्पिटलात खुर्चीवर बसून होता. त्या आठवड्यात त्याची टेस्ट सिरीज होती. आठ महिने रात्री घरी आल्यावर मला गरम भात मिळत होता, तो काय आपोआप शिजत होता? प्रत्येक खेपेला मामीने पाठवलेली तूरडाळ आणि घरची हळद आम्ही दोन्ही रूममेट मिळून संपवायचो. मी एक नवा कॉलम केला आणि आकडे टाकायला लागलो. चार रात्री, रुपये किती? जमलं नाही. शीट बंद केली.

निघायच्या दिवशी दादा मला काळी-पिवळीपर्यंत सोडायला आला. माझी बॅग त्याच्या खांद्यावर. मी दोन दिवस मनात जुळवत असलेलं वाक्य शेवटी कसंबसं काढलं, "दादा, ते पुण्यातलं... मी जरा जास्तच..."

"अठ्ठावीस हजार ना?" तो म्हणाला. रागाने नाही, अगदी सहज. आकडा त्याला तोंडपाठ होता. "ध्यानात हाय माझ्या. सोयाबीन गेलं की निम्मे देतो, निम्मे तुरीवर."

"अरे नको, मी त्यासाठी नाही..."

"नाही नाही, देतो. घेतलेलं ठेवू नाही."

गाडी भरली होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. त्याने बॅग माझ्या मांडीवर ठेवली, वर मामीने दिलेली पुरणपोळीची पिशवी ठेवली आणि दार लावलं. हिंगोली येईपर्यंत मी फोनवर त्याला तीनदा 'नको' लिहिलं. उत्तर आलं, 'ओके'.

डिसेंबरमध्ये माझ्या खात्यात १४,००० रुपये जमा झाले.